रिक्त गाभारा आणि छायाचित्र

ज्या देवालयातून देव गेला, त्याच्याशी आपण कसे वागावे? हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरात त्याने मला निरुत्तर केले.

मेहसाणा जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या काठी, सोलंकी राजा पहिला भीमदेव याच्या कारकीर्दीत हे मंदिर उभे राहिले. गाभाऱ्याच्या पश्चिम भिंतीतील एका दगडावर विक्रम संवत १०८३, म्हणजे इ. स. १०२६-२७, असा काळ उलट्या अक्षरांत कोरलेला आहे. आज शिखर नाही, मूर्ती नाही, पूजाही होत नाही. सुरतेहून मित्रांसह तेथे गेलो असता मी भ्रमणध्वनीवर असंख्य छायाचित्रे घेतली. एका स्तंभाच्या तळखड्यावर पाय ठेवून स्वतःचेही घेतले. इतक्यात कुंडाजवळ एका वृद्धेने वहाणा काढल्या आणि त्या रिक्त गाभाऱ्याच्या दिशेने हात जोडले. माझा पाय आपोआप खाली आला.

माझे वडील पुजारी आहेत. गाभाऱ्यात छायाचित्र घेण्यास ते कोणासही अनुज्ञा देत नाहीत, आणि तो नियम मीही कसोशीने पाळतो. मग मोढेऱ्यास माझा संयम कोठे गेला? देव पाहत आहे एवढ्याचसाठी मी मर्यादा पाळीत होतो काय? तसे असेल तर ती भक्ती नव्हे, केवळ धाक होय.

यात छायाचित्रणाचा दोष नाही. ग्रीस देशात अथेन्स येथील पार्थेनॉनमधील देवतेची मूर्ती केव्हाच नाहीशी झाली होती. तरी १८३९ सालीच त्या भग्न मंदिराचे छायाचित्र घेतले गेले. सोमनाथाचे जुने भग्न मंदिर १९५० साली नव्या बांधणीसाठी उतरविले. ते आता जुन्या छायाचित्रांतच पाहावयास मिळते. ही सेवाच म्हटली पाहिजे. तथापि साक्षी होणे निराळे आणि मालक होऊन बसणे निराळे.

मूर्ती गेली तरी दगड घडविणारे हात आणि तेथे नतमस्तक झालेल्या पिढ्या यांचे ऋण उरतेच. ज्याला आपला अवमान बोलून दाखविता येत नाही, त्याच्याशी वागतानाच मनुष्याची खरी परीक्षा होते. आता मी प्रथम हात जोडतो, मग छायाचित्र घेतो.

ते एक छायाचित्र मी पुसून टाकलेले नाही. वडिलांना दाखविण्याचे धैर्यही झाले नाही. परंतु ते या पत्रिकेचे नियमित वाचक आहेत. आता त्यांना कळेलच.