जेम्सटाउनच्या भुकेल्यांसाठी

हे दयाघना, चारशे वर्षांपूर्वी परक्या मातीत अन्नान्न करून मेलेल्यांसाठी आज तुझ्यापुढे पदर पसरते. त्यांच्या नावाने पाणी सोडणारं कुणी उरलेलं नाही.

१६०७ च्या मे महिन्यात तीन इंग्रज जहाजांतून शंभरावर पुरुष आणि पोरं व्हर्जिनियात जेम्स नदीकाठी उतरली. त्यांना पाठवणाऱ्या लंडनच्या कंपनीला सोनं हवं होतं. यांना धड पिण्याजोगं पाणीही मिळालं नाही. स्पॅनिश जहाजांच्या धाकाने निवडलेली ती दलदलीची जागा. उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी नदीत वर चढायचं, तेच मचूळ पाणी ते प्यायले. हगवण लागली, ताप चढले, अंगं सुजली. वर्ष सरेपर्यंत निम्म्याहून अधिक गेले. त्यांच्यातल्याच जॉर्ज पर्सीने त्यांचं रात्रंदिवसाचं कण्हणं लिहून ठेवलं आहे. तू ते ऐकलंस ना रे देवा?

आणि पाऊसही तू तेव्हाच आखडता घेतलास. तिथल्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतली वलयं सांगतात, १६०६ ते १६१२ ही सात वर्षं साडेसातशेहून अधिक वर्षांतली सर्वांत कोरडी होती. तिथल्या मूळच्या पाउहाटन लोकांच्या मक्यालाही त्याची झळ बसली. घरात पोराबाळांपुरतं धान्य आणि दारात हत्यारबंद परके, मागून मिळालं नाही तर ओरबाडून नेणारे. अखेर १६०९ च्या हिवाळ्यात पाउहाटनांनी जेम्सटाउनच्या कोटाची कोंडी केली. आतल्यांनी घोडे खाल्ले, कुत्री, उंदीर, बुटांचं चामडंसुद्धा. मग मेलेली माणसंही.

देवा, त्यातल्या एका पोरीसाठी वेगळं मागते. जेमतेम चौदा वर्षांची. २०१२ मध्ये कोटातल्या एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांसोबत तिची कवटी सापडली. कपाळावर चार उथळ घाव, बिचकत घातलेले. ती आधीच मेली होती. घाव घालणारा हात मात्र जिवंत होता, भुकेला होता आणि कापत असावा. अभ्यासकांनी तिला जेन म्हटलं. तिचं खरं नाव तुलाच ठाऊक. त्या नावाने तिला हाक मार, जवळ बसव, पोटभर वाढ. आणि तो हात ज्याचा, त्यालाही उंबऱ्याबाहेर ठेवू नकोस. पोटातली आग माणसाला कुठवर नेते, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार?

१६१० च्या मे महिन्यात बर्म्युडाहून दोन जहाजं आली, तेव्हा कोटात साठेक जीव तगले होते. आलेल्यांकडेही अन्न बेताचंच. जूनमध्ये सगळ्यांनी कोट सोडला, जहाजं नदीतून निघाली. सुटलो, असं वाटलं असेल रे त्यांना. पण वाटेतच नव्या गव्हर्नरचा, लॉर्ड डे ला वॉरचा, निरोप आला: मागे फिरा. ज्या कोटात आपली माणसं पुरली, तिथेच त्यांना पुन्हा पाऊल ठेवावं लागलं. त्या घटकेला त्यांच्या छातीत जे कालवलं, त्यावर तुझा हात फिरव.

त्यांच्या मागे फिरण्याने वसाहत तगली आणि पाउहाटनांची शेतं, नदीकाठ, गावं एकेक करून गेली. तेव्हा देवा, दोघांचंही ऐक. पण ज्यांच्या कणगीतला तुटपुंजा मका बंदुकीच्या धाकाने उपसून नेला, त्या आयांचं गाऱ्हाणं आधी ऐक.