निनावी बाटली, सहीचा कागद

इतरांचा न्याय करीत बसू नये, अशी ताकीद प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दिली आहे. स्वतःच्या डोळ्यातले मुसळ तसेच ठेवून दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढू पाहणाऱ्याचे त्याने रेखाटलेले चित्र लहान मुलालाही समजते. आम्ही धर्मगुरू या वचनावर वर्षानुवर्षे प्रवचने देतो. पण वेदीवरून उतरलो की लगेच आमच्यापुढे न्यायनिवाड्याचीच कामे येऊन पडतात. कोणत्या मुलाला शिष्यवृत्ती द्यावी, कोणाला गायकवृंदात घ्यावे, कोणत्या भावाची बाजू खरी, अशा प्रश्नांवर निर्णय द्यावाच लागतो. आईबाप, शिक्षक, सासूसासरे यांची स्थिती याहून वेगळी नाही. मग न्याय न करता न्याय करावा तरी कसा? हा पेच आम्ही सेमिनरीत अभ्यासला होता. त्याची थोडी उकल मात्र आम्हाला झाली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धेत.

वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी चुलीवर पातेले चढवू नये. शिवाय दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आम्ही जवळून पाहिली आहेत आणि त्या घरांतल्या तरुणांच्या शवपेट्यांवर आम्ही स्वतः तीर्थ शिंपडले आहे. हा लेख पिण्याविषयी नाही. पारखण्याविषयी आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतील एका धर्मग्रामात, तेथील धर्मगुरू रजेवर असताना, दोन महिने सेवेसाठी होतो. रोज सकाळच्या मिस्साला येणारे एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक घरी बिअर बनवीत असत. त्या देशात १९३३ साली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करण्यास मुभा मिळाली, पण बिअरचा उल्लेख कायद्यात राहून गेला. ती चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर स्वतःच्या वापरासाठी करण्याची मोकळीक दिली. ती विकता मात्र येत नाही. त्याच वर्षी चार्ली पपाझियन यांनी एका सहकाऱ्यासह घरगुती बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि पुढल्याच वर्षी तिची पहिली स्पर्धा भरली. १९८५ पासून अशा स्पर्धांच्या परीक्षकांनाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. परीक्षकाचीच परीक्षा! ही कल्पनाच आम्हाला विचार करायला लावणारी वाटली.

शिक्षकमहाशयांच्या तळघरात काचेचे बुधले, एक मोठे पातेले, तापमापक आणि एक जाडजूड वही होती. बार्लीला मोड आणून ती वाळवतात, भरडतात, गरम पाण्यात भिजवून तिचा गोडवा उतरवून घेतात. हा रस हॉप्स नावाच्या कडवट फुलांसह उकळतात, निववतात आणि त्यात यीस्ट सोडतात. पुढचे काम यीस्टचे. माणसाने फक्त स्वच्छता आणि तापमान सांभाळायचे. कृती इतकी साधी आहे. तरीही या गृहस्थांनी एकाच प्रकारची बिअर लागोपाठ नऊ वेळा केली होती आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलली होती. कधी पाणी, कधी तापमान, कधी हॉप्स टाकण्याची वेळ. "एकदम दोन गोष्टी बदलल्या, फादर, तर कशाने काय झाले ते कळत नाही," ते म्हणाले. दरवर्षी तपश्चर्याकाळात दहा निश्चय करून एकही न पाळणाऱ्या आम्हांला हे वाक्य चांगलेच लागले.

स्पर्धेच्या दिवशी त्यांनी आम्हाला सेवेकरी म्हणून नेले. सेवेकऱ्याचे काम बाटल्या टेबलापर्यंत पोहोचवण्याचे. बाटलीवर चिठ्ठी नाही, नाव नाही, केवळ एक क्रमांक. ज्या गटात परीक्षकाची स्वतःची बिअर असेल, त्या गटाला तो बसत नाही. एका टेबलावर दोघे परीक्षक. पेला हाती येताच ते आधी वास घेतात, कारण वास सर्वांत आधी उडून जातो. मग रंग आणि फेस पाहायचा, मग चव, मग जिभेवरचा दाटपणा, आणि शेवटी एकंदर ठसा. वासाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, दाटपणाला ५ आणि एकंदर ठशाला १०, एकूण ५०. घोट लहान असतो, उरलेली बिअर बादलीत जाते आणि मधून मधून पाणी व पावाचा तुकडा घेऊन जीभ स्वच्छ करतात. झिंगलेला परीक्षक निरुपयोगी, हे तेथे कोणी सांगावे लागत नाही.

दोघेही आपापला कागद भरून होईपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याचे मत बनू नये, म्हणून. गुणांत ७ पेक्षा अधिक अंतर पडले, तर पुन्हा चाखून चर्चा करतात. बिअर कितीही बिघडलेली असो, सहसा १३ च्या खाली गुण देत नाहीत. कोणीतरी कित्येक आठवडे राबला आहे, याची ती जाणीव. आणि नुसते गुण देऊन सुटका नसते. दोष कोणता, तो कशाने आला असावा आणि पुढच्या वेळी काय करावे, हे लिहावेच लागते. शिजवलेल्या मक्याचा वास येत असेल, तर झाकण न ठेवता जोरात उकळा. ओल्या पुठ्ठ्याची चव असेल, तर आंबून झाल्यावर हवा लागू देऊ नका. कागदाच्या वरच्या बाजूस परीक्षकाचे नाव असते, ठळक अक्षरांत.

आमच्या यजमानांना २७ गुण मिळाले. बिअरला लोण्याचा वास येतो, यीस्टवरून ती लवकर काढली असावी, असा शेरा होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि वहीत नोंद केली : पुढच्या वेळी तीन दिवस अधिक, जरा उबेत. आम्ही सांत्वन करू लागलो, तेव्हा ते हसले. "मित्र छानच म्हणतात, फादर. पण त्यांच्या छान म्हणण्याने बिअर सुधारत नाही."

परतीच्या वाटेवर आम्हाला काना गावचे लग्न आठवले. तेथील भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला, तेव्हा तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होते. नासरेथच्या सुताराने दिला आहे हे आधी कळले असते, तर त्याने तो तितक्याच प्रामाणिकपणे चाखला असता का? नाव ठाऊक नव्हते, म्हणूनच त्याची साक्ष आपल्याला मोलाची वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांनी रास्त न्यायासाठी तीन अटी सांगितल्या आहेत. न्याय करणाऱ्याच्या मनात न्यायाचीच ओढ असावी, त्याला तसा अधिकार असावा आणि त्याचा निर्णय विवेकाने, खात्रीच्या ज्ञानावर दिलेला असावा. जेथे शंका असेल, तेथे दुसऱ्याच्या कृतीचा चांगलाच अर्थ घ्यावा, असेही ते सांगतात. त्या सभागृहात या तिन्ही अटी पाळलेल्या आम्ही पाहिल्या. आपल्या गावात काय चालते? विहिरीवर, बसथांब्यावर, चर्चच्या पायरीवर जो न्याय होतो, त्यात ज्याचा न्याय होतो त्याचे नाव, आडनाव, त्याच्या आजोबांची भानगड, सारे उघड असते. न्याय करणारा मात्र निनावी राहतो. 'लोक म्हणतात', 'कानावर आले'. त्या स्पर्धेत बाटली निनावी होती आणि परीक्षकाचे नाव कागदावर होते. आपण नेमके उलटे केले आहे.

आपण म्हणजे आम्हीसुद्धा. २००९ च्या नाताळात आमच्या धर्मग्रामातील गीतस्पर्धेचे आम्ही परीक्षक होतो. एका तरुणाने स्वतः रचलेले, स्वतः चाल लावलेले गीत सादर केले. स्मशानभूमीच्या भिंतीवरून त्याच्या वडिलांशी आमचा वाद चालू होता. व्यासपीठावरून आम्ही म्हणालो, की यमके जुळवली म्हणजे गीत होत नाही. सभागृह हसले. त्याने पुन्हा गीत रचले नाही. आज प्रामाणिकपणे सांगायचे, तर त्या रात्री आम्ही गीत ऐकलेच नव्हते. आडनाव ऐकले होते.

अमेरिकेहून परतल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. तो आता टेम्पो चालवतो. आम्ही क्षमा मागितली. "जाऊ द्या, फादर, किती वर्षं झाली," तो म्हणाला. गाण्याची वही रद्दीत गेली होती. चहा झाल्यावर आम्हाला फाटकापर्यंत पोहोचवायला आला, तेव्हा हळूच म्हणाला, "फादर, चुकलं कुठं होतं, तेवढं सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

कोणी म्हणेल, माणूस म्हणजे बाटली नव्हे. खरेच आहे. माणसाला गुण देता येत नाहीत. तो अधिकार एका परमेश्वराचा. त्या परीक्षकांनीही बिअर करणाऱ्याला गुण दिले नव्हते, त्याच्या एका कृतीला दिले होते. येशूने मना केले ते माणसाला मोजणे. मुसळ काढल्यावर कुसळ काढायला त्याने मनाई केलेली नाही. उलट, तेव्हा स्पष्ट दिसेल असेच तो सांगतो. म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ निघावे, हीच त्याची इच्छा आहे. ते काढणाऱ्याचा हात हलका हवा, इतकेच.

यंदा नाताळात गीतस्पर्धा पुन्हा आहे. गीतांच्या कागदांवर नावे नसतील, क्रमांक असतील. परीक्षक प्रत्येक गीताविषयी चार ओळी लिहून खाली सही करतील. त्या तरुणाला आम्ही निमंत्रण पाठवले आहे. तो येईल की नाही, ठाऊक नाही. आला, तरी त्याचा कागद कोणता, हे आम्हाला कळणार नाही.