दादा नावाचा दगड

आजवर मी दोनच गोष्टींना दगड म्हणत आलो. एक दगडाला आणि दुसरे आमच्या दादाला. माणमधल्या वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून आमचे जे फाटले, ते अकरा वर्षे शिवले गेले नाही. माझे मत पक्के होते : हा माणूस आतून-बाहेरून काळा.

दादाचा मुलगा भूशास्त्र शिकतो. भांडण बापाशी, पुतण्याशी नव्हे, या तत्त्वावर तो माझ्याकडे येतो-जातो. एकदा म्हणाला, "काका, आपल्या बांधावरचा दगड बघायला चला की प्रयोगशाळेत." म्हटले, तोच दगड बघून तर माझे केस पिकले! पण गेलो.

आमच्याकडचा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. शिखर शिंगणापूरचा डोंगर काय नि आमचा बांध काय, सगळा हाच काळा कातळ. त्याचा काप काचेवर चिकटवून, घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीवर आणतात. मग काळ्या दगडातून चक्क उजेड पलीकडे जातो! हेन्री सॉर्बी या इंग्रजाने १८४९ साली असे काप करायला घेतले, तेव्हा लोक हसले होते. मीही हसायच्या तयारीनेच डोळा लावला.

आधी सगळे फिकट, पाणचट. पुतण्याने कसलीशी पट्टी सरकवली. खाली एका दिशेचाच प्रकाश सोडणारी चाळण, वर तिला आडवी दुसरी. मध्ये दगड नसता तर मिट्ट काळोख. दगड होता म्हणून रंगपंचमी! ऑजाइट नारिंगी-निळे, फेल्स्पारवर धोतराच्या काठासारखे काळे-पांढरे पट्टे. बांधावर अकरा वर्षे हे सारे पडून होते.

"आता चकती फिरवा." फिरवली. तो नारिंगी कण हळूहळू काळा ठिक्कर पडला. पुन्हा उजळला. पुन्हा काळा. "पुऱ्या फेऱ्यात चार वेळा असं होतं, काका. प्रत्येक कणाचं."

मी गप्प झालो. दादाच्या बाबतीत मी चकती नेमकी कुठे थांबवली होती?

तरी वकिली सुटली नाही. एक कण दाखवून म्हटले, "हा बघ, कसाही फिरवला तरी काळाच!"

"तो मॅग्नेटाइट. लोखंडाचं खनिज. त्यातून उजेड आरपार जात नाही. त्याला वरून उजेड टाकून बघायचं, मग चकाकतो. चूक त्याची नाही, आपण खालून दिवा लावला त्याची."

मग काय, कुणालाच वाईट म्हणायचे नाही? तसे नव्हे. बांध सरकला असेल तर सरकलाच आहे. मोजणी व्हायलाच हवी. पण मोजणी बांधाची करावी, आणि मी अकरा वर्षे माणसाची करत होतो. तीही एकाच कोनातून.

शिवाय माणसाला घासून ०.०३ मिलिमीटर करता येत नाही. (बायका प्रयत्न करतात, ते वेगळे.) तिथे चकती फिरत नाही, आपणच फिरावे लागते. म्हणून परवा दहिवडीला उतरून शेतावर गेलो आणि आयुष्यात प्रथमच बांधाच्या पलीकडून माझे शेत पाहिले. माझ्या रानातले पाणी दादाची माती ओढून नेत होते.

मागून आवाज आला, "काय बघतोस रे?"

म्हटले, "दगड."

"कुठला?"

"अलीकडचा," मी म्हणालो.