उपऱ्यांची भूक

लातुरात चांगलं जेवायला कुठं मिळतं, असं बाहेरगावच्या माणसानं विचारलं की लातूरकर क्षणभर गप्प होतो आणि मग म्हणतो, "हॉटेलात कशाला? घरीच या की." हे बोलावणं मनापासूनचं असतं, पण त्यात प्रश्नाला बगल दिलेली असते हेही खरं. मुंबईच्या खवय्याला हाच प्रश्न विचारून बघा. तो माटुंग्याच्या केळीच्या पानापासून सुरू होईल, इराण्याच्या खिम्यावरून मोहम्मद अली रोडवर पोचेल, आणि आपण उठून निघालो तरी जिन्यापर्यंत येऊन आणखी एका गल्लीचं नाव सांगेल. अशा याद्या करणं हा त्याचा छंद असतो, थोडासा अभिमानही. लातूरकराकडे यादी नसते. म्हणून त्याला चवीचं कळत नाही असं समजू नये. आमटीत येसर चिमूटभर कमी पडला तर तो काही बोलत नाही, फक्त ताटावरची मान वर करून बघतो, आणि घरातल्यांना तेवढं पुरतं. मग यादी का नाही?

ब्रिया-सावारँ या फ्रेंच न्यायाधीशानं १८२५ मध्ये चवीवरचं आपलं पुस्तक छापलं आणि खवय्येगिरीला विद्येचा मान मिळवून दिला. तेव्हापासून बाहेरच्या जेवणावर लिहिणारे बहुतेक जण स्वयंपाक्याच्या हाताचं कौतुक करत आले. मला वाटतं, आधी जेवणाऱ्याचे पाय बघावेत. तो कुठून चालत आला, घर किती लांब राहिलं, रात्री परत जाणार की इथंच कुठंतरी पथारी टाकणार. शहराचं बाहेरचं खाणं तिथल्या मूळ रहिवाशांनी घडवलेलं क्वचितच असतं. ज्याची चूल दुसरीकडे आहे अशा माणसाच्या भुकेनं ते घडतं, आणि रहिवासी मागाहून त्याला आपलं म्हणू लागतात.

मुंबईचंच बघा. गिरणगावच्या खानावळी उभ्या राहिल्या त्या बायको-मुलं गावाकडे ठेवून आलेल्या गिरणी कामगारासाठी. त्याला जेवू घालणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. माटुंग्याचं रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२ चं, दक्षिणेतून नोकरीसाठी आलेल्या एकट्यादुकट्यांची सोय म्हणून निघालेलं. आज तिथं चवीसाठी रांगा लागतात. जपानच्या शोगुनांचं एडो, म्हणजे आजचं टोकियो, असंच पुरुषांनी गजबजलेलं होतं. सरदारांना आळीपाळीनं तिथं राहावं लागे, त्यांच्याबरोबर शिपाई येत, सुतार-मजूर येत. या लोकांसाठी रस्त्यावर मांडलेल्या सुशी आणि तेंपुराच्या गाड्यांवरचे पदार्थ पुढं जगभरच्या महागड्या हॉटेलांत जाऊन बसले.

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली दोन पुस्तकं मला नेहमी शेजारी ठेवावीशी वाटतात. एक चीनमधलं. कायफंग ही सोंग घराण्याची राजधानी ११२७ मध्ये शत्रूच्या हाती पडली. तिथून दक्षिणेत पळालेल्या मंग युआनलाओ नावाच्या माणसानं पुढं, ११४७ मध्ये, त्या हरवलेल्या शहराच्या आठवणी लिहून काढल्या. त्यात खाणावळींची वर्णनं आहेत. गिऱ्हाईक मागेल ते वेगवेगळं, वाढपी ऑर्डर तोंडपाठ करून आत ओरडून सांगणार, एका हातावर वाट्यांची चळत रचून आणणार, आणि चूक झाली तर मालकाकडून शिक्षा भोगणार. दक्षिणेतून आलेल्या लोकांना उत्तरेचं जेवण मानवत नसे, म्हणून दाक्षिणात्य पद्धतीच्या खाणावळी वेगळ्या होत्या. दुसरं पुस्तक आमच्या शेजारचं. निलंग्याहून सीमा ओलांडली की बसवकल्याण फार लांब नाही, ती चालुक्यांची कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' ११२९ च्या सुमाराचा. त्याच्या अन्नभोगाच्या भागात इडरिका आहे, धोसक आहे, मांडे आहेत, दह्याची शिखरिणी आहे, शेतातले उंदीर भाजून कसे करावेत तेही आहे. आजच्या हॉटेलाच्या कार्डावर इतके प्रकार सापडायचे नाहीत. पण सबंध प्रकरणात पैसे मोजून जेवणारा माणूस कुठं दिसत नाही. राजाला उपाशी परकं होण्याची वेळच येत नसते. तो जाईल तिथं त्याचा मुदपाकखाना मागून येतो. पदार्थांची श्रीमंती कल्याणीत होती, हॉटेल मात्र कायफंगात निघालं.

लातूर हे शहर म्हणून वाढलं ते मालामुळं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये इथं पोचली. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार गंजगोलाई बांधली गेली. मध्ये देवीचं मंदिर, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. निजामाच्या राज्यातला हा भाग १९४८ पर्यंत हैदराबादकडे तोंड करून होता, पण गोलाईची पाठ कुणाकडेच नव्हती. खेड्यातनं गाडी घेऊन आलेला शेतकरी आडतीवर माल उतरवायचा आणि थांबायचा. सौदा निघेपर्यंत, माप होईपर्यंत, हातात पट्टी पडेपर्यंत. लातुरातला पहिला उपरा तो.

त्याची भाकरी फडक्यात बांधून आलेली असे. जुन्या खानावळीत नुसता रस्सा घेऊन आपली भाकरी कुस्करणाऱ्याला कुणी हटकत नसे. पण पट्टी हातात पडल्यावर तो जे मागायचा ते घरी न होणारं असायचं. कढईभर तेलात तळलेले भजे, गव्हाची पुरी, साखरेच्या पाकातली जिलेबी. ज्याच्या घरी ज्वारी रोजची आणि गहू सणाचा, तो माणूस शहरात येऊन भाकरी विकत कशाला घेईल? निघताना पोरांसाठी शेव-चिवड्याचा पुडा असायचाच. मराठवाड्यातल्या गावोगावच्या हॉटेलांत अजून सगळ्यात जास्त जागा कढईला असते, आणि सकाळी पोह्यांशेजारी चुरमुऱ्यांचा सुशीला दिसतो. त्या कढईला शंभर वर्षांपूर्वीच्या आडतीवरच्या भुकेनं बसवून ठेवलंय, अशी माझी समजूत आहे.

पुढं उलटं झालं. खरिपातल्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, घरातल्या परातीत कणीक आली, आणि भाकरी थापणारे हात कमी झाले. तेव्हा रस्त्याच्या कडेला 'चुलीवरची भाकरी'चे फलक उगवले. पिठलं, ठेचा, धपाटे, शेंगदाण्याची चटणी हे सगळं हळूहळू कार्डावर आलं. पुष्कळ ठिकाणी आता चपातीपेक्षा भाकरी महाग आहे. हॉटेल दोनच गोष्टी विकतं: घरी अजून न आलेलं आणि घरातून निघून गेलेलं. मधलं जे रोजचं चालू असतं त्याला गिऱ्हाईक नसतं. मला या चुलीच्या फलकांचा थोडा राग येतो, मात्र तिथली भाकरी चांगली असते हे नाकारण्यात अर्थ नाही.

२०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन गोष्टींना भौगोलिक मानांकन मिळालं. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. तिन्ही एका पातेल्यात घातल्या तर आमटीच होते. पण मानांकन आमटीला मिळालेलं नाही. लातूरचा लौकिक नेहमी कच्च्या मालाचा. इथल्या बाजारात तुरीचा आणि सोयाबीनचा काय भाव निघाला याकडे राज्यभर लक्ष असतं, इथल्या मिलांतली डाळ ट्रक भरभरून बाहेर जाते. माटुंग्याच्या केळीच्या पानावरच्या सांबारात लातूरची डाळ असली तर नवल नाही, पण खवय्याच्या यादीत डाळीचं गाव लिहायची पद्धत नाही. यादी नसण्याचं एक कारण मला इथं सापडतं. लातूर पातेल्याच्या आधीचं शहर आहे.

दुसरं कारण मार्गशीर्षातल्या अमावस्येला दिसतं. वेळ अमावस्या, आमच्या तोंडात येळवस. लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडच्या बिदर, कलबुर्गीच्या पट्ट्यातला हा सण. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. दुपारी शहरात फिरावं तर संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. दुकानं बंद, हॉटेलं बंद, रिक्षासुद्धा मिळत नाही. सगळे रानात गेलेले असतात. ज्यांना रान आहे ते आपल्या, ज्यांना नाही ते दुसऱ्याच्या, कारण त्या दिवशी बोलावणं करणाऱ्यांची संख्या येणाऱ्यांपेक्षा जास्त असते.

शेतात कडब्याची कोप उभारलेली असते, आत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड. पूजा आटोपली की पंगत. ज्वारीच्या पिठाची, ताक घालून आदल्या दिवशीपासून मुरवलेली, लसूण-कोथिंबिरीची आंबील मडक्यात गार झालेली असते. बाजरीचे वाफवलेले उंडे असतात. गव्हाची खीर असते. आणि असते भज्जी. तुरीच्या ओल्या शेंगांचे दाणे, हरभरा, वाटाणा, रानात आणि बाजारात त्या आठवड्यात जे हिरवं मिळेल ते सगळं, चिंच आणि बेसन घालून घोटलेलं. भज्जीची कृती कुणी सांगू लागला की भोवतीच्या चार बायका चार ठिकाणी त्याला अडवतात. मी आजवर खाल्लेलं सगळ्यात चांगलं जेवण कोणतं, असं मला कुणी दरडावून विचारलं तर मी भज्जी, उंडा आणि आंबिलीचा गाडगंभर घोट एवढंच सांगेन, आणि ते कुठल्याही हॉटेलात मागू नका असंही सांगेन. थंडीतल्या बांधावर बसून चवीला येतो तो पदार्थ ट्यूबलाइटखाली नीट लागत नाही. काही उत्साही मंडळी आता येळवसचं ताट वर्षभर देऊ पाहतात. त्यांना यश येवो, मी जाणार नाही.

त्या दिवशी शहरात जेवण का मिळत नाही, तर उपरा कुणी उरतच नाही म्हणून. गोलाईतला हमाल, आडतीवरचा मुनीम, कॉलेजातला शिपाई, सगळे कुठल्या ना कुठल्या बांधावर पाहुणे असतात. ज्या शहराचं सर्वोत्तम जेवण शहर रिकामं झाल्यावरच होतं, त्याची खवय्येगिरीची यादी कशी करणार?

उपऱ्याच्या भुकेवर नांदेडला वेगळाच तोडगा निघालेला आहे. गुरू गोविंदसिंग तिथं १७०८ मध्ये निवर्तले. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला दूरच्या पंजाबातून माणसं येतात, आणि गोदावरीकाठी त्यांना त्यांची डाळ-रोटी लंगरमध्ये वाढली जाते. शेजारी लोह्याचा नाही तर कंधारचा शेतकरी बसलेला असतो. इथं निवडायला काही नाही आणि बिलही नाही. परक्याच्या भुकेला विकत घेण्यावाचूनही उत्तर असू शकतं, हे पंगतीत बसल्यावर पटतं. मात्र तिथून उठून कुणी डाळीला गुण देत बसलं तर ते जरा लाजिरवाणं वाटतं.

लातूरचा आजचा उपरा सतरा वर्षांचा आहे. दहावी-बारावीच्या निकालांमुळं 'लातूर पॅटर्न'चं नाव झालं, आणि डॉक्टर-इंजिनिअर होऊ घातलेली मुलं-मुली जिल्ह्याबाहेरून खोल्या घेऊन इथं राहायला आली. त्यांच्यासाठी गल्लोगल्ली मेस निघाल्या. मेसची भाजी हा अभ्यासाचा विषय आहे. विदर्भातल्या मुलाला ती फिकी लागते, नगरकडच्या मुलीला तिखट. ती कुणालाच आपली वाटू नये आणि कुणालाच अगदी परकी वाटू नये, अशा बेतानं शिजवलेली असते. मेसवाल्या मावशींचं हे कसब मला मोठ्या आचाऱ्याच्या कसबापेक्षा कमी वाटत नाही. शंभर जिभांना एकाच वेळी थोडं थोडं नाराज ठेवायचं आणि एकालाही सोडून जाऊ द्यायचं नाही. मुलं मेसला नावं ठेवतात, आईला फोनवर रडून सांगतात, आणि डबा संपवतात.

रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद. त्या एका संध्याकाळी लातूरचे गाडे बघावेत. पावभाजी, चायनीज आणि या सगळ्यांत आमच्याच तालुक्याचं नाव घेऊन उभा असलेला निलंगा राइस. हळदीच्या रंगाचा, तिखट, प्लेटभर भात. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, वेळ थोडा आणि पैसे त्याहून थोडे असलेल्या माणसाचं पोट भरावं यासाठीच तो आहे. मला त्यात मोहम्मद अली रोडचा किंवा गिरणगावचा एखादा जुना काळ दिसतो. पदार्थ अजून गरजेचा आहे, यादीतला झालेला नाही.

पण हीच मुलं इथून पुढं पुण्याला जातात. लातूर-नांदेड-धाराशिवकडची कितीतरी स्पर्धा परीक्षांसाठी तिथल्या पेठांत खोल्या करून राहतात, आणि त्यांच्यामागोमाग निलंगा राइसचे गाडेही तिथं जाऊन उभे राहिलेत. आता तिथं उपरे आपण आहोत. कधीतरी एखादा पुणेरी खवय्या त्या गाड्यावर थांबेल, चार घास खाऊन मान डोलवेल आणि आपल्या यादीत त्याचं नाव टिपून घेईल. तोवर बहुधा तिखट अर्ध्यावर आलेलं असेल आणि भातावर चीज किसून मिळत असेल.