कानात सांगितलेलं नाव

आज थोडेच शब्द घेऊन बसायचं आहे. घाई नाही. पाठ भिंतीला टेकवा, फोन पालथा ठेवा आणि आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हणा: तिळा.

जीभ दातांना लागून सुटते, मागे टाळूकडे वळते, आणि तेवढ्यात शब्द संपतो. पुढचं आपोआप येईल, कारण ते तुम्हालाही लहानपणी कोणीतरी शिकवलेलं आहे. तिळा तिळा, दार उघड. माझी आजी अलीबाबाची गोष्ट सांगताना इथे थांबायची, आम्हा पोरांकडून ते म्हणवून घ्यायची आणि पायाने माजघराचं दार हळूच ढकलायची. दार करकरत उघडायचं. तेव्हा अंगावर आलेला काटा मला अजून आठवतो.

या शब्दापाशी जरा थांबू. गुहेत चाळीस चोरांची दौलत, आणि तिची किल्ली कसली, तर तिळाची. तीळ किती लहान ते संक्रांतीला बोटाच्या टोकाला चिकटलेला दाणा पाहून कळतं. तरी आपला ‘तेल’ हा शब्दच त्याच्यातून निघाला आहे: तिल, तैल, तेल. तिळाचं बोंड वाळलं की त्याचं तोंड आपसूक उघडतं आणि दाणे खाली सांडतात. म्हणून शेतकरी ते पुरतं उकलायच्या आत कापणी करतो, पेंढ्या उभ्या ठेवून वाळवतो आणि मग झटकतो. मिटलेलं काहीतरी, आत साठा, आणि वेळ झाली की उघडणारं तोंड. मला तो मंत्र त्या बोंडात दिसतो.

अलीबाबाची गोष्ट मुळात तोंडी सांगितलेली. अलेप्पोच्या हन्ना दियाब या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये ती आंत्वान गालां या फ्रेंच अनुवादकाला सांगितली आणि १७१७ साली ती छापली गेली. हिंदीत ‘खुल जा सिमसिम’ झालं. सिमसिम म्हणजे अरबीतला तीळच, पण तिथे तो परदेशी, गूढ राहिला. मराठीने त्याला घरचा केला. नुसता ‘तीळ’ही म्हटलं नाही, ‘तिळा’ म्हटलं. हे संबोधन आहे. बाळाला बाळा म्हणावं, तसं. दगडी दारासमोर उभं राहून आपण हुकूम सोडत नाही, लाडाने हाक मारतो. ज्या कोणी पहिल्यांदा हे मराठीत असं म्हटलं, त्याला किंवा तिला मंत्र म्हणजे काय ते नेमकं कळलं होतं, असं मी मानते.

आणि कासीम? अलीबाबाचा तो भाऊ गुहेत शिरला, दौलत पाहून त्याचं भान हरपलं आणि बाहेर पडताना शब्दच आठवेना. गालांच्या गोष्टीत तो सातूला हाक मारतो, मग एकेका धान्याचं नाव घेत सुटतो. दार हलत नाही. एरवी तोंडात असलेलं नाव ऐन वेळी हरवलं की काय होतं, ते क्षणभर आठवून पाहा. समोर माणूस उभा आहे, हसतो आहे, आणि त्याचं नाव आपल्याजवळ नाही. ती पोकळी अंगात कुठे जाणवते, छातीत की पोटात, तेवढं पाहा आणि सोडून द्या.

आता दुसरा शब्द. अब्राकाडाब्रा. हा आपण जादूच्या खेळात ऐकतो. पण रोमन काळात, क्विंटस सेरेनस सॅमोनिकस याच्या नावावर असलेल्या एका वैद्यकीय पद्यग्रंथात, हा तापावरचा उपाय म्हणून येतो. शब्द लिहायचा, त्याखाली पुन्हा लिहायचा पण शेवटचं एक अक्षर गाळून, आणि असं करत करत एकच अक्षर उरेपर्यंत जायचं. मग ते दोऱ्याने गळ्यात बांधायचं. शब्द झिजत गेला तसा ताप झिजावा. लेकराच्या कपाळावर हात ठेवून रात्रभर बसलेल्या कोणत्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता कादंबऱ्यांतले मंत्र. जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटरमधले बहुतेक मंत्र लॅटिनमधून उचललेले आहेत. अ‍ॅकिओ म्हणजे मी बोलावून घेतो. लुमोसमध्ये लुमेन आहे, म्हणजे उजेड. हे शब्द मला चतुर वाटतात, त्यापलीकडे फारसे रुतत नाहीत. एक मात्र रुतलेला आहे: एक्स्पेक्टो पॅट्रोनम. सुखाची आठवण पिऊन टाकणारे काळे जीव अंगावर आले की हा म्हणायचा. बाकीचे मंत्र काहीतरी करायला सांगतात. हा सांगत नाही. त्याचा लॅटिन अर्थ आहे, मी रक्षकाची वाट पाहतो आहे. पॅट्रोनस हा शब्द पातेरवरून आला, पातेर म्हणजे बाप, आणि आपला ‘पिता’ त्याच मुळाचा भाऊबंद. आता तो मुलगा डोळ्यांसमोर आणा. वर्षाचा असताना आईबाप गेलेले. अंधारात तो जे म्हणतो त्याच्या पोटात बाप आहे, हे त्याला ठाऊक नाही. आणि त्याच्या कांडीतून उजेडाचं हरीण बाहेर पडतं. त्याचा बाप ज्या हरणाचं रूप घ्यायचा, तेच. रोलिंगच्या सगळ्या शब्दखेळात हा एक शब्द खेळ राहत नाही.

श्वास सावकाश सोडा. पुढचं दार मोरियाचं आहे.

जे. आर. आर. टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ साली आला. त्यात डोंगराच्या पोटातल्या मोरिया या जुन्या नगरीच्या पश्चिम दरवाजासमोर प्रवासाला निघालेली मंडळी रात्री अडकतात. मागे लांडग्यांचं भय, बाजूला काळं तळं. दारावर चांदण्यात उजळणारी अक्षरं आहेत आणि त्यांच्यातला जादूगार गॅन्डाल्फ ती वाचतो. दाराने मित्राला बोलायला सांगितलं आहे, असा अर्थ तो लावतो. पण बोलायचं काय? त्याला माणसांच्या, एल्फांच्या, ऑर्कांच्या भाषांतले दारं उघडायचे सगळे मंत्र येतात, आणि तो एकेक म्हणत राहतो. दार ढिम्म. मग तो खाली बसतो, गप्प होतो, आणि त्या गप्पपणात त्याला आपली चूक दिसते. दार मित्राला बोल म्हणत नव्हतं. ‘मित्र’ असं बोल, म्हणत होतं. तो एल्फांच्या भाषेतला मित्र हा शब्द उच्चारतो, मेलॉन, आणि दार उघडतं.

मेलॉन. एकदा म्हणा. टॉल्किनच्या भाषांत ‘मेल’ या मुळाचा अर्थच प्रेम आहे. हे दार बांधलं गेलं तेव्हा एल्फ आणि ड्वॉर्फ यांची मैत्री होती, आणि कुलुपाला त्या काळातला सगळ्यांत साधा शब्द पुरेसा होता. पुढे अविश्वासाची युगं आली, म्हणून तोच शब्द कोडं झाला. गॅन्डाल्फला ज्ञान कमी नव्हतं. त्याचं चुकलं ते इतकंच, की ज्या ठिकाणी मैत्री मागितली होती तिथे तो गुप्त मंत्र शोधत होता.

टॉल्किन आधी भाषेचा माणूस आणि मग गोष्टीचा. पहिल्या महायुद्धानंतर तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात काम करत होता आणि डब्ल्यूने सुरू होणाऱ्या शब्दांची मुळं शोधत होता. त्याने स्वतः सांगितलं आहे की भाषा आधी झाल्या, आणि त्यांना राहायला जग हवं म्हणून गोष्टी झाल्या. विद्यार्थी असताना एका हजार वर्षं जुन्या इंग्रजी धर्मकाव्यात त्याला एक नाव भेटलं, एआरेन्डेल. पहाटेच्या ताऱ्याचं असावं असं. आपली शुक्राची चांदणी. त्या नावाने तो हलला. १९१४ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने त्यावर कविता लिहिली, आणि त्या नावाभोवती हळूहळू सगळं पुराण वाढलं. चाळीस वर्षांनी छापलेल्या कादंबरीत नायक फ्रोडो एका अवाढव्य, जाळं विणणाऱ्या कोळिणीच्या काळ्या बिळात उभा असतो, हातात त्या ताऱ्याचा उजेड साठवलेली कुपी असते, आणि त्याच्या तोंडून तेच नाव निघतं. आपण काय बोलतो आहोत ते त्यालाही उमगत नाही. मंत्र असा तयार होतो. कोणीतरी एका नावाला चाळीस वर्षं सोडत नाही.

आता ज्या लेखिकेसाठी मी मुळात ही बैठक मांडली, तिच्याकडे येऊ. अर्सुला के. ले ग्विन. तिची ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी १९६८ची. अर्थसीच्या बेटांवर प्रत्येक वस्तूला एक खरं नाव आहे, आणि ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. फेसाचं खरं नाव एस्सा, पण तिथले लोक रोजच्या बोलण्यात त्याला सुकिएन म्हणतात. सुक म्हणजे पीस, इनिएन म्हणजे समुद्र. समुद्राचं पीस. डोळे मिटा आणि एखादा किनारा आठवा, कोणताही. लाट मागे गेल्यावर वाळूवर राहिलेली ती पांढरी, हलकी, वाऱ्याने थरथरणारी किनार. सुकिएन. ज्याने हे नाव ठेवलं त्याने फेसाकडे नीट पाहिलं होतं. नावं कशी बनवता, असं लोक विचारत तेव्हा ले ग्विन म्हणायची की मी बनवत नाही, मला सापडतात, ऐकू येतात.

तिथे जादू शिकायला आलेल्या पोरांना एका एकट्या बुरुजात बसून नावांच्या याद्या पाठ कराव्या लागतात. मध्यरात्री शाई उडून जाते आणि चर्मपत्र कोरं होतं. जे मनात उतरलं तेवढंच आपलं. माझ्या मते विद्येचं याहून खरं चित्र कोणत्याही कल्पितकथेत नाही.

आणि माणसांनाही खरं नाव असतं. नायक तेरा वर्षांचा होतो त्या दिवशी आईने ठेवलेलं डुनी हे नाव त्याच्याकडून काढून घेतलं जातं. बिननावाचा, उघडा, तो आर नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो. काठावर ओजिअन हा जादूगार त्याचा दंड धरतो आणि कानात त्याचं नाव सांगतो: गेड. बाकी जग त्याला स्पॅरोहॉक म्हणेल, आपल्या शिक्र्यासारख्या पक्ष्याच्या नावाने. गेड हे नाव ज्याच्यावर जीव टाकावा अशालाच सांगायचं. पुढे अहंकारापोटी गेडच्या हातून भयंकर चूक होते, त्याचं तोंड ओरखाड्यांनी विद्रूप होतं, कोणी त्याच्याजवळ फिरकत नाही. तेव्हा वेच नावाचा त्याचा मित्र निरोप घेताना, न मागता, आपलं खरं नाव त्याच्या हाती ठेवतो. एस्टारिऑल. बस, एवढंच. त्या पुस्तकात ड्रॅगन आहेत, वादळं आहेत, पण मी दर वेळी या पानावर थांबते.

कानात नाव सांगणं आपल्याला परकं नाही. बारशाला आत्याने तुमच्या कानाशी तोंड आणून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. ते तुम्ही सोडून सगळ्यांना आठवतं. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं, हाक मारायचं वेगळं. आपल्या भाषेत नाव ठेवतात, नाव घेतात, नाव काढतात. आणि एक अनुस्वार वाढला की नावं ठेवतात. ‘नाव’, लॅटिन नोमेन, इंग्रजी नेम हे सगळे एकाच मुळाचे. आता तुमचं स्वतःचं नाव हळू आवाजात, दुसऱ्याला हाक मारावी तसं, एकदा म्हणा. कोणाच्या आवाजात ऐकू आलं?

ले ग्विनच्या नावातला ‘के’ म्हणजे क्रोबर. तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात भुकेने खंगलेला एक माणूस सापडला. याही या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. बाकीचे कत्तलींत, रोगांनी, उपासमारीने संपले होते. वार्ताहर नाव विचारत राहिले. त्याच्या लोकांत स्वतःचं नाव परक्याला स्वतः सांगायची रीत नव्हती. ते आपल्यातल्या दुसऱ्याने सांगायचं असतं, आणि दुसरा कोणी उरला नव्हता. क्रोबरांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. २५ मार्च १९१६ रोजी तो क्षयाने गेला. खरं नाव त्याने कधीच सांगितलं नाही. अर्सुला तेव्हा जन्मलीही नव्हती. तिच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, १९६१ साली इशीची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. त्यानंतर सात वर्षांनी अर्थसी आलं. मी या दोन गोष्टी एकमेकींना बांधत नाही. शेजारी ठेवते आणि पाहत बसते.

माजघराचं दार पायाने ढकलणाऱ्या माझ्या आजीला सासरी आल्यावर नवं नाव मिळालं होतं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. आयुष्यभर आम्ही सगळे त्याच नावाने तिला ओळखत होतो. तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यानंतर एका जुन्या कागदावर वाचायला मिळालं. तोवर त्या नावाने हाक मारणारी तिची सगळी माणसं गेली होती.

तुमच्या घरी अशी कोणी आजी, मावशी, आत्या असेल तर आज संध्याकाळी तिच्याशेजारी बसा. तिचं माहेरचं नाव विचारा. सांगितलं, तर एकदा त्या नावाने तिला हाक मारा.