पैलवानाचा पोरगा

ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात एक शेतकरी होता. तरुणपणी त्याने आखाडे गाजवले होते, म्हणून गाव त्याला पैलवानच म्हणे. त्याच्या पोराला सिकलसेल. वाहक नव्हे, पक्का रुग्ण. रोवणीच्या गार चिखलात थोडा वेळ उभा राहिला की रात्री हाडं ठणकायला लागत. मग ग्रामीण रुग्णालय, सलाईन, कधी रक्त. राउंडला आलेले डॉक्टर विचारत, "कसं आहे आता?" पोरगा तोंड उघडायच्या आत पैलवान म्हणे, "बरं हाये जी." डॉक्टर केसपेपरवर लिहीत : तक्रार नाही. रोवणी खोळंबलेली असली तर पैलवान स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पोराला घरी घेऊन येई.

आपलं दुखणं चारचौघांत उगाळू नये, ही आपल्याकडची जुनी रीत. पाहुण्यांपुढे ती शोभूनही दिसते. केसपेपरवर मात्र तीच आपल्याविरुद्धचा पुरावा होऊन बसते.

पोराला अठरा पूर्ण झाली तशी आशाताई घरी आली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, त्यात सिकलसेलही आहे. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं तर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येईल, असं तिने सांगितलं.

"माहा पोट्टा काय अपंग हाये का?" पैलवान उसळला.

"मंग गाडीभाड्याले पैसे तुम्ही कुस्ती मारून आणता का?" चुलीपुढून बायको म्हणाली. विषय संपला.

पैलवान एकदा कामाला लागला की लागला. तलाठ्याकडे खेपा घातल्या, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढला. दिव्यांगासाठी मर्यादा वर्षाला 50,000 ची, तिच्या आतला. महाराष्ट्रातल्या 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, पासबुक. आधारवर आणि पासबुकात नावात एका अक्षराचा फरक होता, तोही दुरुस्त करून आणला. अपंगत्वाच्या कार्डासाठी यूडीआयडीचा अर्ज ऑनलाइन भरला. तपासणीच्या दिवशी पोराच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. जिल्हा रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना बाप म्हणाला, "ताठ चाल. लोक पायतात."

पोरगा ताठ चालला. बोर्डाच्या डॉक्टरांनी रक्ततपासणीचा रिपोर्ट पाहिला, फाइल चाळली. "आजार आहे, ते दिसतंय. पण त्रास कितपत होतो?" पैलवानाच्या तोंडून सवयीने गेलं, "तसं बरं हाये जी." आणि फाइलमधला प्रत्येक केसपेपर त्याला दुजोरा देत होता. टक्के चाळिसाच्या खाली आले, पांढऱ्या पट्टीचं कार्ड घरी आलं. त्या कार्डावर निराधारचा अर्ज होत नाही.

पैलवानाने डॉक्टरांना शिव्या घातल्या. आशाताईने ऐकून घेतल्या आणि मग पोराच्या आईसमोर वही उघडली. निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. पण अपिलात नवं काय दाखवणार?

आईला लिहिता येत नव्हतं, तारखाही सांगता येत नव्हत्या. "एक डाव पोयाच्या आदल्या दिवशी. एक डाव मंडईच्या रात्री, दंडार सुरू व्हती तवा. मंग धान चुरायच्या वक्ती." आशाताई कॅलेंडरवर बोट ठेवून तारखा काढत गेली. त्या तारखा घेऊन ती रुग्णालयात गेली, भरतीच्या रजिस्टरमधल्या नोंदी शोधल्या आणि डिस्चार्ज कार्डाच्या नकला मागून घेतल्या. इकडे आईने तांदळाच्या डब्यामागून एक पुडकं काढलं. आत रक्ताच्या पिशव्यांबरोबर आलेल्या रक्तपेढीच्या चिठ्ठ्या, सगळ्या, हळदीचे डाग पडलेल्या. बाकीचे कागद चुलीत गेले होते. या कशा राहिल्या?

"कोन्या परक्या मानसाचं रगत व्हतं, बाई. जायवलं नाई."

फेरतपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि कसं आहे म्हणून विचारलं. पैलवानाने श्वास घेतला, तोच डॉक्टर म्हणाले, "तुम्ही थांबा. तो सांगेल."

पोरगा आधी खाली बघत राहिला. मग म्हणाला, रात्री कळ आली की तो दुपट्ट्याचा बोळा तोंडात धरतो. बाबाची झोप मोडू नये म्हणून. रोवणीच्या दिवसांत तर रोजच.

पैलवान खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याने खुर्ची ओढली आणि न विचारता बसला.

या वेळचं कार्ड पिवळ्या पट्टीचं होतं. तहसीलच्या समितीने अर्ज मंजूर केला, पैसे पोराच्या खात्यात यायला लागले. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो; तो पोरगा स्वतः जाऊन देतो.

शेजारच्या टोलीतली एक बाई परवा आपल्या मुलीसाठी विचारायला आली, "काय काय कागद लागते वो?" पैलवान ओट्यावर होता.

"आधार, रेशन कार्ड, दाखले. ते सारं मी काढून देतो," तो म्हणाला. "पयले पोरीले बोलाव. तिले इचारू, कधी कधी दुखते."