आलेखातला प्रवाह आणि अनुमानाची कसोटी

विद्युतरासायनिक नोंदीत प्रत्यक्ष दिसतो तो केवळ प्रवाह. तो कशामुळे वाहिला हे अनुमानानेच ठरवावे लागते. प्रागच्या यारोस्लाव्ह हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये केशनलिकेतून थेंबथेंब गळणारा पारा इलेक्ट्रोड म्हणून वापरला आणि विभव हळूहळू बदलत प्रवाह मोजला. पुढे मासुझो शिकाता यांच्यासह त्यांनी हा आलेख आपोआप टिपणारे यंत्र, पोलॅरोग्राफ, तयार केले. १९५९ चे रसायनशास्त्राचे नोबेल हेरोव्स्कींना याच कामासाठी मिळाले. आलेखात पायऱ्या उमटतात. पायरी कोणत्या विभवाला आली यावरून पदार्थ कळतो, तिच्या उंचीवरून त्याचे प्रमाण.

कार्यावरून कारण ओळखण्याच्या या रीतीला न्यायदर्शनात शेषवत् अनुमान म्हणतात. नदीला पूर आला, म्हणजे वरच्या अंगाला पाऊस झाला, हे त्याचे जुने उदाहरण. न्यायसूत्रांत त्यावरचा आक्षेपही नोंदलेला आहे: पाणी अडवल्यानेही नदी फुगते, मग अनुमानावर विसंबायचे कसे? सूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांचे उत्तर मार्मिक आहे. नुसते वाढलेले पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. ओढ, फेस, वाहून येणारी पाने-फळे-लाकडे यांसह आलेला पूर हा हेतू. म्हणजे दोष अनुमानाचा नसून अर्धवट पाहणाऱ्याचा.

पोलॅरोग्राफीतला आक्षेप याच जातीचा आहे. पाऱ्याचा थेंब वाढत असताना त्याच्या पृष्ठभागालाही विद्युतभार लागतो, त्यामुळे कोणतीही अभिक्रिया न होता प्रवाह वाहतो. द्रावणातला पदार्थ फार विरळ असला की त्याची पायरी या भारणप्रवाहात बुडते. विरघळलेला ऑक्सिजन तर स्वतःच्या दोन पायऱ्या उमटवतो. म्हणून आधी नायट्रोजन सोडून तो हुसकावतात. भारणप्रवाहावरचा उपाय अधिक सूक्ष्म आहे. विभवाचा अल्प स्पंद दिल्यावर भारणप्रवाह झपाट्याने ओसरतो, अभिक्रियेचा प्रवाह सावकाश. त्यामुळे मोजमाप स्पंदाच्या अखेरीस घेतात.

तरीही दोन पदार्थांच्या पायऱ्या एकमेकींत मिसळू शकतात. पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात शिसे आणि थॅलियम यांचे असेच होते. तेव्हा आलेखाकडे कितीही निरखून पाहिले तरी उपयोग नसतो, परिस्थितीच बदलावी लागते. सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये शिशाची पायरी बरीच अधिक ऋण विभवाकडे सरकते, थॅलियमची जवळजवळ जागीच राहते.